स्मरणिकेचा मजकूर लिहायचा कुठे? वर्ड, लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स : नव्या कार्यकर्त्यांसाठी

आमच्या मंडळाच्या पन्नाशीच्या स्मरणिकेत एका नावाआधी ‘कै.’ऐवजी ‘श्री.’ छापून आलं. ते मंडळाचे जुने खजिनदार. स्मरणिका छापायला जायच्या दोन महिने आधी ते गेले होते. दुरुस्ती झाली नव्हती असं नाही, मीच केली होती. पण मी ती केली माझ्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये, आणि छापखान्यात गेली ती दुसऱ्या कार्यकर्त्याने आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर टाकलेली फाइल. दोन्हींचं नाव एकच. प्रती वाटून झाल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नाही, ते जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही मंडळाचे दोन विशेषांक, सोसायटीचा एक माहितीपर अंक आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची एक पुस्तिका काढली. दर वेळी कुणीतरी नवीन येतं आणि पहिलाच प्रश्न विचारतं, ‘वर्ड चांगलं की गुगल डॉक्स?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. मजकूर शिजत असेल तोवर ऑनलाइन, ताटात वाढायची वेळ आली की डेस्कटॉप. आणि चुलीवरून उतरवण्याचा दिवस आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. बाकी सगळं या तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : आधी माणसं मोजा

सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक कागद घ्या आणि गटातल्या प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा. तो लिहिणार कशावर, आणि मराठी टाइप कसं करतो. आमच्या गेल्या गटाची यादी अशी होती. दोघांकडे लॅपटॉप, त्यातल्या एकाकडेच पैसे भरून घेतलेलं वर्ड. तिघं फक्त मोबाइलवाले. एक ताई बंगळुरूला, त्या रात्री दहानंतरच मोकळ्या. आणि एक निवृत्त मुख्याध्यापक काका, जे आयुष्यभर लाल पेनाने तपासत आले आहेत आणि पडद्यावर एक ओळही तपासणार नाहीत.

ही यादीच निम्मा निर्णय करून टाकते. मोबाइलवाले जास्त असतील तर डेस्कटॉप वर्डवर गटाचं काम चालवायचा हट्ट सोडा. सगळे एकाच ऑफिसातले आणि सगळ्यांकडे वर्ड असेल तर उगाच गुगलकडे धावू नका. काकांसारखं माणूस गटात असेल तर छापील प्रत काढायची सोय धरून चला. आणि कृपा करून त्यांना ‘शिका की आता’ म्हणू नका. आमच्या अंकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुतेक चुका त्यांनीच कागदावर पकडल्या.

दुसरी पायरी : फॉन्टचा निकाल आधी लावा

इंग्रजीत काम करणाऱ्यांना ही पायरी लागत नाही. आपल्याला लागते, आणि बहुतेक गट इथेच आपटतात.

आपल्याकडे मराठी मजकूर दोन प्रकारचा फिरतो. एक युनिकोड, दुसरा जुन्या फॉन्टांतला, म्हणजे कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि त्यांची भावंडं. दिसायला दोन्ही मराठीच. पण कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतात ती इंग्रजी अक्षरं : ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट त्यांच्यावर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीचे मुखवटे चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर फाइल उघडली की मुखवटे गळून पडतात आणि पडद्यावर अर्थहीन इंग्रजी येतं. गुगल डॉक्समध्येही तेच होतं, कारण तिथे तुमच्या संगणकावरचा कुठलाही फॉन्ट चढवता येत नाही, फक्त तिथल्या यादीतले मिळतात.

युनिकोडमध्ये म हा म म्हणूनच साठतो. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो, शोधता येतो, मोबाइलवर दिसतो. गटाने काम करायचं तर युनिकोडला पर्याय नाही. पहिल्याच बैठकीत हे सांगा आणि प्रत्येकाने कसं टाइप करायचं तेही बसवून द्या. मोबाइलवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा जोडली की झालं. विंडोज 10 मध्ये 2019 च्या एका अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे, तो सेटिंगमधून सुरू करायचा. ज्यांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, येतं त्यांना हात लावू नका, ते आपल्या सगळ्यांपेक्षा वेगाने लिहितात. आणि ज्यांना टाइपच करायचं नाही त्यांच्यासाठी गुगल डॉक्समध्ये ‘टूल्स’खाली ‘व्हॉइस टायपिंग’ आहे. क्रोममध्ये उघडा, भाषा मराठी निवडा आणि बोला. आमच्या एका आजींनी जुन्या गणपतीच्या आठवणी अशाच सांगितल्या. विरामचिन्हं नंतर आम्ही घातली, पण आजींची बोलायची लय जशीच्या तशी आली, जी त्यांनी लिहून दिल्यावर कधीच आली नसती.

जुन्या फॉन्टमधला लेख आलाच तर कन्व्हर्टरमधून काढून घ्या, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, ‘ऱ्य’ असलेले शब्द (सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर) आणि ‘द्ध’, ‘द्व’, ‘ह्म’ ही जोडाक्षरं हमखास बिघडतात. ती तेवढी हाताने तपासा.

आणखी एक बारीक भानगड, जिने माझी एक संध्याकाळ खाल्ली. ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावाआधीचं अक्षर युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलं जातं. एक, अखंड ‘ॲ’. दोन, ‘अ’ आणि त्यावर वेगळा टाइप केलेला चंद्र. तीन, ‘ए’वर चंद्र काढलेला ‘ऍ’, जो हिंदी वळणाच्या कीबोर्डवरून येतो. पहिले दोन डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. मी यादीत ‘ॲड.’ शोधलं, निम्मी नावं सापडलीच नाहीत, आणि मला वाटलं कुणीतरी ती पुसली. तेव्हा कुठलीही गोष्ट ‘शोधा आणि बदला’ने सुधारायची असेल तर असे जुळे शब्द आठवून दोन-तीनदा शोध घ्या.

तिसरी पायरी : कोण कशात चांगलं, ते स्वभावावरून ओळखा

वर्ड 1983 सालचं. एका माणसाने एका टेबलाशी बसून कागद तयार करावा, या कल्पनेतून ते वाढलं. म्हणून त्याचं सगळं लक्ष पानावर : समास, तळटीपा, अनुक्रमणिका, स्तंभ, पानागणिक बदलणारे शीर्षपट्टे. गुगल डॉक्सचा पाया म्हणजे रायटली नावाची ब्राउझरमध्ये चालणारी सेवा, गुगलने ती 2006 मध्ये विकत घेतली. तिचा जन्मच मुळी ‘हे पान आपण दोघांनी मिळून लिहू’ यातून. म्हणून डॉक्सला माणसं कळतात, पान फारसं कळत नाही. दोघांनीही नंतर एकमेकांकडून पुष्कळ उचललं, पण मूळ पिंड अजून दिसतो.

डॉक्समध्ये एकाच वाक्यात दोघं लिहीत असले तरी गोंधळ का होत नाही? कारण फाइल इकडून तिकडे जातच नाही, जातात त्या फक्त कृती. तुम्ही ओळीच्या सुरुवातीला पाच अक्षरं घातलीत आणि त्याच क्षणी मी त्या ओळीतलं विसावं अक्षर पुसलं, तर सर्व्हर माझं विसावं अक्षर पंचविसावं धरतो आणि नेमकं तेच पुसतो. प्रत्येक कळ दाबली की हा हिशेब होतो. माझ्या खजिनदारांच्या बाबतीत जे झालं ते इथे होऊ शकत नाही, कारण ‘माझी फाइल’ आणि ‘त्याची फाइल’ असं काही उरतच नाही. एका वेळी शंभर जणांपर्यंत उघडून लिहू शकतात. स्मरणिकेला सहा पुरतात, सात झाले की भांडणं.

वर्डमध्येही एकत्र लिहिता येतं, पण फाइल मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, म्हणजे वनड्राइव्हवर किंवा ऑफिसच्या शेअरपॉइंटवर हवी. पेनड्राइव्हवरची किंवा मेलने आलेली फाइल ही प्रत्येकाची स्वतंत्र फाइल. ब्राउझरमधलं वर्ड मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर फुकट मिळतं, वनड्राइव्हवर फुकट जागा 5 जीबी. गुगलच्या खात्यावर 15 जीबी, मात्र त्यात जीमेल आणि फोटोही धरलेले असतात. एखाद्या कार्यकर्त्याचं खातं भरलेलं असतं ते लेखांनी नव्हे, शुभप्रभातच्या फोटोंनी.

लिबरऑफिस हे 2010 मध्ये ओपनऑफिसपासून फुटून निघालेलं, पूर्ण मोफत. पैसे न भरता संगणकावर नीट वर्ड प्रोसेसर हवा असेल तर हेच घ्या, मराठीतला इंटरफेसही मिळतो. पण संगणकावरच्या लिबरऑफिसमध्ये दोघांनी एकाच वेळी लिहायची सोय धरू नका. ऑफिसच्या सामाईक फोल्डरमधली फाइल एकाने उघडली असेल तर दुसऱ्याला ‘वापरात आहे’ असा निरोप येतो आणि ती फक्त वाचण्यापुरती उघडायची की तिची प्रत काढायची, असं विचारलं जातं. घाईत लोक ‘प्रत’ निवडतात. तिथून दोन फाइलींचा संसार सुरू होतो.

झोहो रायटर हे चेन्नईच्या कंपनीचं, तेही ब्राउझरमध्ये चालतं आणि चांगलं आहे. मी ते फार वापरलेलं नाही, कारण आमच्या सगळ्यांकडे मोबाइलमुळे गुगलचं खातं आधीच असतं. नवीन खातं काढायला सांगितलं की दोन माणसं गळतात, हा अनुभव.

थोडक्यात आमच्या यादीसाठी डॉक्सवर लिहिणं आणि शेवटी वर्ड किंवा लिबरऑफिस, असं ठरलं. तुमची यादी वेगळी असेल तर वेगळं ठरवा, पण एकदाच ठरवा.

चौथी पायरी : घर बांधा, मग किल्ल्या वाटा

मंडळाच्या नावाचं एक स्वतंत्र खातं काढा. कुणा एकाच्या खाजगी खात्यात स्मरणिका ठेवू नका, तो माणूस नोकरीनिमित्त परगावी गेला की फाइलीही जातात.

त्या खात्याच्या गुगल ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक लेखाचं वेगळं डॉक्युमेंट. पूर्ण अंक एकाच डॉक्युमेंटमध्ये करायचा मोह आवरा. साध्या मोबाइलवर लांबलचक डॉक्युमेंट रखडतं, आणि अध्यक्षांचं मनोगत शोधताना लोक चुकून दुसऱ्याच्या लेखात बोट टेकवतात. नावाला क्रमांक द्या : ‘01 मनोगत’, ‘02 इतिहास’, ‘03 आठवणी’. शेवटचा क्रमांक एका तक्त्याला द्या, त्यात लेख, लेखक, ‘आला / तपासला / कुलूप’ एवढे तीन रकाने (कुलूप म्हणजे लेखन बंद, ते सहाव्या पायरीत). हा तक्ताच तुमचा खरा संपादक.

आता शेअर. इथे तीन दर्जे आहेत. ‘व्ह्यूअर’ फक्त वाचतो, ‘कमेंटर’ शेरे आणि सूचना देतो, ‘एडिटर’ मजकूर बदलतो. पंचवीस जणांच्या समितीला सरसकट एडिटर करणं म्हणजे घराच्या पंचवीस किल्ल्या करणं. आमच्याकडे एडिटर दोघंच असतात. लेखक स्वतःच्या लेखापुरता एडिटर, बाकी ठिकाणी कमेंटर. कार्यकारिणी व्ह्यूअर, त्यांना तेवढंच हवं असतं.

‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय सोयीचा वाटतो, कारण मेल पत्ते गोळा करावे लागत नाहीत. पण व्हॉट्सॲप गटात टाकलेली लिंक किती गटांत जाते ते आपल्याला कळत नाही. लिंक उघडी ठेवायचीच तर ती व्ह्यूअरपुरती ठेवा. जाहिरातदारांची यादी, दर आणि फोन नंबर या फोल्डरमध्ये अजिबात नकोत. त्यासाठी वेगळा फोल्डर, तोही खजिनदार आणि सचिव यांच्यापुरता.

पाचवी पायरी : लिहिताना पाळायच्या चार गोष्टी

एक. डॉक्स उघडल्यावर उजवीकडे वरच्या बाजूला पेन्सिलीचं चिन्ह असतं. तिथून ‘एडिटिंग’ऐवजी ‘सजेस्टिंग’ निवडा. मग तुम्ही जे बदलाल ते रंगीत दिसतं, खोडलेल्यावर रेघ येते आणि मूळ लेखकाला बरोबरची खूण करून ते स्वीकारता येतं किंवा फुलीने नाकारता येतं. काकांच्या लाल पेनाचंच हे रूप. दुसऱ्याच्या लेखात हात घालताना सजेस्टिंग, स्वतःच्या लेखात एडिटिंग, हा नियम भांडणं वाचवतो. एका ज्येष्ठ लेखकांच्या लेखातला ‘तद्वतच’ कुणीतरी न विचारता ‘तसंच’ केला होता. ते तीन दिवस फोन उचलत नव्हते.

दोन. मजकुरात प्रश्न लिहू नका. ‘(हे साल नक्की का?)’ असं कंसात लिहिलेलं वाक्य छापून आलेलं मी पाहिलं आहे. प्रश्न असेल तर तो शब्द निवडून कमेंट टाका. त्यात ॲट चिन्ह घालून माणसाचा मेल पत्ता निवडला की त्याला मेल जाते. मोबाइलवरही हे चालतं.

तीन. शीर्षकं हाताने ठळक आणि मोठी करू नका, स्टाइलच्या यादीतून ‘हेडिंग’ निवडा. आत्ता फरक दिसणार नाही, पण मजकूर वर्डमध्ये गेल्यावर सगळी शीर्षकं एका फटक्यात बदलता येतात.

चार. समास, पान, स्तंभ यांना हात लावायचा नाही. मी तर ‘पेज सेटअप’मध्ये जाऊन ‘पेजलेस’ करून टाकते, म्हणजे पानांच्या रेघाच दिसत नाहीत. ‘माझा लेख दीड पानच होतोय’ ही तक्रार त्याने बंद झाली. लांबी शब्दांत मोजायची : कंट्रोल, शिफ्ट आणि सी.

चुकलंच काही, तर ‘फाइल’मधली ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा. एकदा एका कार्यकर्त्याचा मोबाइल खिशात उघडा राहिला आणि मंडळाचा सगळा इतिहास जाऊन त्या जागी सतरा वेळा ‘ळ’ उरला. हिस्टरीत आदल्या संध्याकाळची प्रत होती, तिच्यावर ‘रिस्टोअर’ दाबलं आणि चहा थंड व्हायच्या आत इतिहास जागेवर आला. महत्त्वाच्या टप्प्यांना नावंही देता येतात : ‘काकांच्या तपासणीनंतर’, ‘कुलूप लावण्याआधी’. तारखांपेक्षा अशी नावं पटकन सापडतात. हिस्टरी फक्त एडिटरलाच दिसते, हे लक्षात ठेवा, नाहीतर कमेंटरवाला तासभर शोधत बसतो.

नेट जाणाऱ्या गावात किंवा प्रवासात लिहायचं असेल तर क्रोममध्ये डॉक्सची ऑफलाइन सोय आधी, नेट असतानाच सुरू करून ठेवा. नेट परत आलं की बदल आपोआप चढतात. पण दोघांनी नेट नसताना एकच परिच्छेद बदलला असेल तर जुळवाजुळवीचा निकाल वाचून पाहा. यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ नाही.

सगळे वर्डवालेच असतील तर

काही गटांना ऑनलाइन जाताच येत नाही. ऑफिसचं नियम-पुस्तक असतं, गोपनीय अहवाल असतो, किंवा प्राध्यापकांनी मेलनेच पाठवायचं ठरवलेलं असतं. तरी काम होतं, फक्त शिस्त माणसाने पाळायची.

एक ‘राखणदार’ नेमा. मूळ फाइल त्याच्याकडेच. तो ती पाठवताना ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू करतो (कंट्रोल, शिफ्ट आणि ई) आणि तिथेच पासवर्ड घालून ते बंद करता येणार नाही अशी सोय करतो. लिबरऑफिसमध्ये हेच ‘एडिट’ मेनूतल्या ‘ट्रॅक चेंजेस’खाली. फाइल परत पाठवणारा नावात फक्त आपली आद्याक्षरं जोडतो. दोन प्रती एकदम आल्या, तर वर्डमधल्या ‘कंपेअर’ आणि ‘कंबाइन’ने त्या समोरासमोर ठेवता येतात आणि प्रत्येक फरक दिसतो. कुणी ट्रॅक चेंजेस न लावता गुपचूप बदल केले असतील तेही कंपेअर पकडतं. माझ्या ‘श्री.’ आणि ‘कै.’ असलेल्या दोन फाइली त्या वेळी कंपेअरमध्ये घातल्या असत्या, तर एका मिनिटात फरक समोर आला असता. मला तेव्हा ते माहीतच नव्हतं.

आणि फाइल ड्रॉपबॉक्स किंवा तशाच आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी डेस्कटॉपवर उघडू नका. कुलूप दिसत नाही, दोघंही जतन करतात आणि फोल्डरमध्ये ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाचं जुळं भावंड जन्माला येतं.

सहावी पायरी : कुलूप

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी लेखन बंद. आम्ही रात्री नऊची वेळ ठेवतो आणि सकाळी गटात एकदा आठवण देतो. नऊ वाजता मी प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये चार गोष्टी करते. राहिलेल्या सूचना स्वीकारते किंवा नाकारते, कमेंट मिटवते, व्हर्जनला ‘कुलूप’ असं नाव देते आणि सगळ्यांना कमेंटरवर आणते. मग ‘फाइल’, ‘डाउनलोड’, ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’. सूचना आणि कमेंट मिटवायला विसरलात तर त्या वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस आणि शेरे म्हणून तशाच उतरतात, आणि छापखान्यात पोचल्या तर करमणूक होते.

इथून पुढे ऑनलाइन प्रत म्हातारी झाली. तिच्यात कुणी काही सुधारायचं नाही. चूक दिसली तर कमेंट, आणि ती दुरुस्ती एकाच माणसाने डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये करायची. ज्या मंडळांना पन्नास पानांचा साधा अंक हवा असतो त्यांनी तो वर्ड किंवा लिबरऑफिसमध्येच मांडून पीडीएफ काढला तरी पुरतं.

तिथे एक जागा नवख्याला फार छळते. स्टाइलमध्ये फॉन्टचा आकार 12चा 14 केला, तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कारण वर्ड आणि लिबरऑफिस दोघंही देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लिपी धरतात आणि तिचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या रकान्यात ठेवतात. वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’, लिबरऑफिसमध्ये ‘सीटीएल’. बदल तिथे करा. फॉन्ट निवडताना विंडोजबरोबर येणाऱ्या मंगलवर थांबू नका, त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट मजकुराला छान दिसतो, शीर्षकांना मुक्त किंवा बलू.

अंक डीटीपीवाल्याकडे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं मांडणाऱ्याकडे, जाणार असेल तर मजकूर देण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा : ‘युनिकोड चालेल का?’ पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरवर काम करणारा असेल तर बहुधा ‘चालेल’ म्हणतो, सीएस 6 या आवृत्तीपासून त्यात देवनागरीची सोय आहे, फक्त ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात. पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करणारे अजून आहेत, त्यांना युनिकोड घेता येत नाही. ते मजकूर श्रीलिपीत बदलून घेतात. या बदलात दुसऱ्या पायरीतल्या सगळ्या चुका उलट्या दिशेने पुन्हा येतात. त्यामुळे प्रुफं वाचताना पहिली नजर रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’वर.

प्रुफं

पीडीएफ आलं की दोन वाटा. पडद्यावर वाचणाऱ्यांना पीडीएफ, काकांना छापील गठ्ठा. सगळ्यांच्या दुरुस्त्या एकाच यादीत येऊ द्या : पान, ओळ, चूक, बरोबर. यादी एकाच माणसाने डीटीपीवाल्याकडे न्यायची. डीटीपीवाल्याला तिघांनी तीन फोन केले की तो तिन्ही दुरुस्त्या विसरतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

नावांची यादी वेगळी तपासा. लेख न वाचता फक्त नावं, एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मंडळाच्या नोंदवहीशी ताडून पाहायची. श्री., श्रीमती, कै., ॲड., डॉ. यांच्यासाठी आम्ही अर्धा तास राखून ठेवतो आणि त्या वेळी गावातलं एक जुनं माणूस शेजारी बसवतो. कोण गेलं हे त्यालाच माहीत असतं.

अंक निघाल्यावर

छापलेली पीडीएफ आणि डीटीपीची मूळ फाइल डीटीपीवाल्याकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. वर्षभराने मागितली तर ‘संगणक बदलला’ हे उत्तर मिळतं. ड्राइव्हमधल्या सगळ्या डॉक्युमेंटची एक प्रत डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवा. कुणी फोल्डर आवरताना काही पुसलं, तर ते ड्राइव्हच्या कचरापेटीत तीस दिवसच राहतं. एखादा लेख एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यात तयार झाला असेल, तर शेअरच्या चौकटीतून मालकी मंडळाच्या खात्याकडे द्यायला सांगा. समोरून ती स्वीकारावीही लागते, म्हणून दोघंही शेजारी बसलेले असताना करा.

आणि मंडळाच्या त्या खात्यात वर्षातून एकदा तरी लॉगिन करा. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गुगल खातं बंद करून आतलं सगळं पुसू शकतं. आमच्याकडे हे काम दर पाडव्याला होतं. गेल्या पाडव्याला पासवर्ड कुणालाच आठवेना. शेवटी तो सापडला जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर, जुन्या खजिनदारांच्या अक्षरात.